व्हॅलेन्सियातली आईची सायकल

युट्रेख्टच्या बाजारात आज विक्रेत्याने चाखायला संत्रं सोललं आणि त्या वासासरशी मी पंधरा वर्षं मागे गेले.

त्या हिवाळ्यात आई पुण्याहून आली होती. इथल्या थंडीत ती घरात कोंडली गेली असती, आणि माझं प्रबंधाचं लिखाण कुठूनही चालणारं होतं. म्हणून आम्ही दोघी दोन महिने स्पेनला गेलो. सेव्हिल, ग्रनाडा बघत व्हॅलेन्सियाला पोहोचलो. तिथे नदीच्या कोरड्या पात्रात लांबच लांब बाग आहे. कोवळं ऊन होतं, झाडं संत्र्यांनी लगडली होती. मी भाड्याची सायकल धरून उभी होते.

"दे इकडे," आई म्हणाली. पदर खोचून सीटवर बसलीसुद्धा!

"आई, तुला येते?"

"अगं, लग्नाआधी शाळेत शिकवायला सायकलनेच जायचे मी."

मला हे ठाऊकच नव्हतं. ती घंटी वाजवत सुटली आणि मी "पडशील, पडशील!" असं ओरडत मागे धावले. तेव्हा मला फक्त भीती वाटत होती. आज आठवतं ते तिचं मोठ्याने हसणं.

परत आली तेव्हा धाप मलाच लागली होती.

"उद्या दोन सायकली घे," ती म्हणाली. "किती धावशील?"