कोळीवाड्याची मतं

लग्न होऊन मी कल्याणहून ठाण्यास आले, तेव्हा आमचे हे नुकते वकिली करू लागले होते. पुढे काही वर्षांनी गावच्या कमिटीवर सभासद निवडून देण्याचा हक्क घरपट्टी भरणाऱ्यांना मिळाला, आणि आमच्या ओटीवर रोज बैठक बसू लागली. वकील, मास्तर, एक डॉक्टर अशी मंडळी. स्वतःला ती 'आमचा पक्ष' म्हणत. विरुद्ध बाजूस दारूचा मक्तेदार. बाकीच्या आळ्या पक्षाला अनुकूल होत्या. अडत होतं ते खाडीकडच्या कोळीवाड्यात. मक्तेदार सांगेल त्या नावावर तिथली मतं एकगठ्ठा पडणार, हे ठरलेलं. आणि पक्षाने ती जागा नेमकी ह्यांच्या गळ्यात मारली.

हे तिथे भाषण करायला गेले. विलायतेतले लोक आपला कारभार आपण कसा चालवतात, ते सांगू लागले. माणसं एकेक करून उठून गेली. शेवटी समोर जाळं विणत बसलेला एक बहिरा म्हातारा तेवढा उरला. घरी येऊन ह्यांनी पगडी खुंटीला लावली आणि म्हणाले, "त्या लोकांना आपलं हितच कळत नाही."

आमच्या घरात मासळी चालत असे. ती घेऊन येणारी कोळीण माझ्याहून बरीच मोठी. मी तिला मावशी म्हणे, ती मला बाय. माझं पहिलं मूल गेलं तेव्हा परसदारी माझ्याजवळ बसून रडलेली बाहेरची बाई ती एकच. ह्यांच्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "मावशी, काल तुमची माणसं उठून का गेली गं?"

टोपलीवरचा पाला सारत ती म्हणाली, "तुझा नवरा वाईट नाय, बाय. पन त्याच्याबरोबर बसतात ना, ते तलावाजवळ आमचा बाजार बघून नाकाला उपरनं लावतात. ते आले का पैला आमचा बाजार उचलतील."

मी ते ह्यांच्या कानावर घातलं. हे जेवता जेवता थांबले. "बाजाराची गोष्ट आमच्यात कधी निघालेलीच नाही. तूच जाऊन सांग ना. माझ्यापेक्षा तुझं ऐकतील."

आमच्यासारख्या घरच्या बायका तेव्हा कोळीवाड्यात पाऊल टाकत नसत. सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण मुलाचं काम म्हणून अडवलं नाही. मावशीच्या अंगणात बोंबील वाळत घातले होते, तिथेच बायका जमल्या. मी भाषण केलं नाही. कोणाची लेक कुठे दिली, कोणाचा नवरा वादळात सापडला होता, ते ऐकत बसले. मग पुन्हा गेले, आणि पुन्हा. खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं होतं. घरात मी नुसती सून होते. तिथे माझ्या बोलण्याला वजन होतं.

एका संध्याकाळी मावशीची जाऊ म्हणाली, "नुसतं तोंडाचं नको. शपथ घे."

त्यांच्या देवीपुढच्या नारळावर हात ठेवून मी म्हटलं, "आमचे निवडून आले तर तुमचा बाजार हलणार नाही."

त्या काळी मत देताना अधिकाऱ्यापुढे उभं राहून उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगावं लागे. मक्तेदार कचेरीच्या दारातच बसला होता. त्याच्या डोळ्यांदेखत मावशीचा नवरा पहिला पुढे झाला आणि त्याने ह्यांचं नाव घेतलं. मग बाकीच्यांनी. हे निवडून आले. ओटीवर पेढे वाटले, आणि मला आत ऐकू यावं म्हणून डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "विरोधी आळी कशी जिंकावी, ते वहिनींकडून शिकावं!" मी माजघरात सुखावले.

वर्ष उलटलं नाही तोच वरच्या आळीच्या व्यापाऱ्यांनी अर्ज केला. घाण, माश्या, पटकीची भीती. बाजार उचलून मिठागरांच्या वाटेवरच्या माळावर न्यायचं कमिटीत ठरलं. तिथे ना सावली, ना गिऱ्हाईक. मला हे कळलं ते शेजारणीकडून.

"अहो, सभेत तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? पक्षाचं ठरलं होतं."

"मी शपथ घेतली होती."

"तू घेतली होतीस," हे म्हणाले. मग जरा नरमले. "व्यापारी रुसले तर पुढच्या खेपेस सगळ्याच जागा जातील. मग विहिरी नाहीत, शाळा नाही. एका बाजारापायी सगळं घालवू?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं.

मावशी यायची बंद झाली. मी गेले, तर तिने पाट दिला, पाणी दिलं. मक्तेदाराला दुखवून काय मिळवलंस, असं वाड्यातला जो तो तिला विचारत होता. पंचांनी तिच्या नवऱ्याला पंगतीतून उठवलं होतं. "तू खोटं नाय बोललीस, मला ठावं हाय," ती म्हणाली. "पन तुझा शब्द मी घरोघरी फिरवला ना, बाय. आता मी कुनाला तोंड दावू?"

पुढची निवडणूक आली. हे म्हणाले, "एकदा जाऊन ये. या वेळी होड्यांना धक्का बांधून देणार आहोत."

मी गेले. काही बायका अंगणात आल्या, काही दाराआडूनच ऐकत राहिल्या. मी म्हटलं, "धक्का बांधणार म्हणतात. बांधतील की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या शब्दावर कोणी मत देऊ नका." मावशीच्या जावेने मशेरी थुंकली आणि ती कामाला लागली.

हे पडले. कोळीवाड्यातून एकही मत मिळालं नाही. मक्तेदाराचा माणूस निवडून आला, आणि बाजार त्यानेही परत आणला नाही.

तू तिथे काय सांगितलंस, असं ह्यांनी मला कधी विचारलं नाही. मीही बोलले नाही. पक्षाच्या बैठकी दुसऱ्यांच्या घरी भरू लागल्या. संध्याकाळी हे ओटीवर एकटे बसत आणि रस्त्याने जाणाऱ्यांपैकी कोणी हाक मारील म्हणून मान वर करत. तेव्हा फार वाटे, सांगून टाकावं. हे गेले तोवर ते राहूनच गेलं.

मावशी शेवटपर्यंत माळावर बसे. मी गड्याला न पाठवता स्वतः जाई आणि मासळी घेऊन झाली तरी तिच्याजवळ थोडा वेळ थांबे. ती गोणपाट सरकवून मला जागा करून देई. दोघी उन्हात बसून समोरच्या मिठाच्या राशी पाहत असू. त्या शपथेचा विषय तिने कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.