खार उतरायच्या आधी

आमची ही वीस वर्षं अळंबीच्या शेडमध्ये कामाला आहे. अंधाऱ्या, दमट खोल्या, मांडणीवर ओळीनं खताच्या पिशव्या, आणि त्यातून गुपचूप वर येणारं ते पांढरं पांढरं पीक. घरी आली तरी तासभर ती त्याच धुक्यात असते. मी काही विचारावं, तर उत्तर दोन प्रश्नांनंतर. मी चिडतो, पण ऐकतंय कोण!

तीन तोडे झाले की पिशवीतलं खत टाकाऊ. शेडमागे त्याचा ढीग पडतो. सकाळी त्यातून वाफ निघते, आणि ही त्या उबेला डोळे मिटून बसते. बागेसाठी ते खत न्यायला माणसं आली की मात्र खडबडून जागी होते आणि प्रत्येकाला दम भरते. वर्षभर उघड्यावर पडू द्या, त्यातला खार धुऊन जाऊ द्या, मगच झाडाला घाला, नाहीतर मुळं जळतील. हे सगळं मी झोपेतही म्हणून दाखवेन.

आमच्या मागच्या दारी अंजीर आहे, लेकीनं लावलेलं. चार वर्षांपूर्वी मायलेकींचं बिनसलं आणि लेक दूर नोकरीला निघून गेली. कशावरून बिनसलं ते आता दोघींनाही धड सांगता यायचं नाही. हट्टीपणात मात्र एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. दर रविवारी फोन यायचा. झाड कसं आहे, एवढंच विचारायची. ही सांगायची, बरं आहे, नवी पानं आलीत, चार फळं धरलीत. संपला फोन. तेवढ्यावर ही आठवडा काढायची.

यंदा अंजीर मलूल झालं, तशी हिची झोप उडाली. एके दिवशी बघतो तर काय, शेडमागचं ताजं, वाफाळतं खत आणून हिनं बुंध्याशी टोपल्याच्या टोपल्या रिचवल्या होत्या. जगाला शिकवणारी बाई, स्वतःच्या झाडापाशी सगळं विसरली! आठवडाभरात पानं करपली. मी खत उपसलं, पाण्यामागून पाणी ओतलं, तोंडाचा पट्टाही चालू ठेवला. ही नुसती पायरीवर बसून होती, कुठेतरी फार लांब असल्यासारखी. मग मी तोंड आवरलं आणि हिच्या शेजारी पायरीवर टेकलो.

रविवारी फोन वाजला. हिला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावलेला. मी खुणेनं सांगितलं, बरं आहे म्हण, वेळ मारून ने. हिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"झाड मी जाळलं गं," ती म्हणाली. "तू येशील तेव्हा हिरवं दिसावं म्हणून घाई केली."

मला वाटलं, झालं, आता रविवारही गेले.

"आई, तू जेवलीस का?"

चार वर्षांत पहिल्यांदा लेकीनं हे विचारलं. ही रडत रडत नाही म्हणाली. मी ताट वाढून पुढ्यात ठेवलं. ते पार गार झालं, तरी दोघी बोलतच होत्या.