टेबलावर राहिलेलं तिकीट

रेल्वेचं तिकीट घरबसल्या निघायला लागलं, त्या दिवसांत मी राजारामपुरीत नुसता मिरवत होतो. गल्लीत क्रेडिट कार्ड माझ्याकडं, आणि फोनच्या वायरीवरचं कुईकुई करणारं इंटरनेटही माझ्याकडंच. कुणी स्टेशनावर रांगेत ताटकळून आला की मी म्हणायचो, "अडाणीच हाईस गड्या! मला सांगायचं न्हाईस व्हय?" असला दीडशहाणा.

मावशीच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि ती चुकवू नका म्हणून बजावलं. काका शिरोळहून मावशीला घेऊन आमच्याकडं उतरले आणि तिकीट काढायला स्टेशनावर निघाले. मीच अडवलं. "बसा वो काका, चा होईस्तोवर काढतो."

वेटिंग चार निघालं. काका म्हणाले, "चालतंय. टीसी देतोय की बघून." खिडकीवरच्या तिकिटाला ते चालायचं. नेटवरचं तिकीट मात्र वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द व्हायचं आणि गाडीत बसलेला माणूस बिनतिकीट ठरायचा. तिथंच खाली लिहिलं होतं. मी वाचलं नाही. "चार म्हंजे झालंच की," म्हणालो आणि छापलेला कागद काकांच्या खिशात कोंबला.

जायच्या दिवशी चार्टबिर्ट न बघता दोघांना डब्यात बसवून घरी आलो आणि मेल उघडली. तिकीट रद्द झाल्याचा निरोप दुपारीच येऊन पडला होता. काकांकडं मोबाईल नव्हता आणि गाडी तर कधीच सुटली होती.

टीसीनं त्यांना मिरजेला उतरवलं. जन्मात कधी एसटीतसुद्धा फुकट न बसलेला माणूस, चारचौघांत बिनतिकीट ठरला. पुढं दुसरी गाडी, बस बघायचंही त्यांना सुचलं नाही. सकाळी मावशीचा हात धरून आमच्या दारात उभे. "टीसी म्हणला, ह्यो कागद चालत न्हाय. खरं तिकीट हितंच इसरलो न्हवं का रं मी?"

मावशी उजव्या डोळ्यानं माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "व्हय काका. टेबलावरच राहिलं हुतं."

दुसरं काही नाही, लाज वाटली. तेवढ्यासाठी मी ते बोललो.

पुढची तारीख महिन्यानं मिळाली. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. डोळा गेला तो गेलाच. मग प्रत्येक लग्नकार्यात मावशी पाहुण्यांना सांगायची, "ह्यांनी तिकीट इसरलं आणि माझा डोळा घालवला." काका मान खाली घालून म्हणायचे, "चुकलंच की बाई माझं." मी शेजारी जिलेबी खात असायचो. घशाखाली उतरायची हो ती, त्याचीच मला किळस येते.

दर दिवाळीला ठरवायचो, यंदा सांगून टाकायचं. दर दिवाळीला फराळ करून परत यायचो.

गेल्या वर्षी मावशी गेली. कार्य उरकलं, पाहुणे पांगले, तसे काका माझ्याजवळ येऊन बसले. "शेवटपतूर माफ केलं म्हणली न्हाय बघ. मनातनं केलं असंल का रं?"

आता तरी बोल, भाड्या, असं मी मलाच म्हणत होतो. तोंडातनं निघालं, "केलं असंल की, काका."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तूच एक मला समजून घेतोस बघ," म्हणाले.