गोदाकाठच्या चपला

ती घटना आठवली की आजही डोळ्यांसमोर आधी धुकं येतं. ऐंशीच्या दशकातला एक हिवाळा. अनाथ मुलींच्या वसतिगृहाच्या मदतीसाठी नाशिकच्या एका महिला मंडळानं बायकांची दौड ठेवली होती. बायका रस्त्यावर धावणार, याचं शहराला केवढं अप्रूप! पदर खोचलेल्या त्या बायका घाटावरून धुक्यात शिरल्या आणि स्वप्नातल्या माणसांसारख्या विरून गेल्या.

दौड संपल्यावर आमच्या पोलीस ठाण्यात खबर आली. धावायला गेलेली एक बाई परतली नव्हती, घाटाच्या पायरीवर तिच्या चपला तशाच होत्या आणि आदल्या संध्याकाळी नवऱ्याशी तिचं कडाक्याचं भांडण झालं होतं. खबर देणारा शेजारी होता. शेजाऱ्यांना भांडण बरोबर ऐकू येतं, समेट कधीच ऐकू येत नाही.

मी पट्टीचे पोहणारे नदीत उतरवले आणि नवऱ्याला चौकशीला बसवलं. सातपूरच्या कारखान्यातला कामगार, मूळचा नांदगावकडचा. जरा दरडावलं, तर ढसाढसा रडायला लागला.

"साहेब, पळू नको म्हनलं, एवढंच. लोकं हसतील म्हनलं. हात नाय लावला तिला!"

खोटा माणूस रडताना आमच्याकडे बघतो. हा सारखा दाराकडे बघत होता. मला त्याची दया आली.

मग मंडळाच्या अध्यक्षबाईंचा जबाब घेतला.

"अहो, आधी गोदामाईची आरती झाली, तेव्हा सगळ्यांनीच चपला काढल्या. तेवढ्यात कुणीतरी शिट्टी फुंकली, नि आम्ही तशाच अनवाणी पळालो! बाकीच्यांनी नंतर येऊन आपापल्या नेल्या."

"दौड जिथून परत वळणार होती, त्या वळणावर कोण उभं होतं?"

बाई ओशाळल्या. "आमच्या दोघी होत्या. पण बायका इतक्या लवकर कुठल्या येतायत, म्हणून चहाला गेल्या. त्या परतल्या, तेव्हा कुठे बायकांचा घोळका वळणावर येत होता."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही बाई सगळ्यांच्या पुढे होती! वळण दाखवायला कुणी नाही, म्हणून सरळच गेली.

नवऱ्याला जीपमध्ये घेऊन गंगापूर रस्त्याला लागलो. धुकं विरळ होत होतं, शेतं दुधात भिजल्यासारखी दिसत होती. शहर मागे पडल्यावर पेरूच्या एका बागेच्या बांधावर ती दिसली. पाय सुजलेले, पदरात पेरू, आणि चेहऱ्यावर असं सुख की हाक मारायला जीव होईना.

"शर्यत संपली का हो?" तिनंच नवऱ्याला विचारलं.

"कवाच," तो डोळे पुसत म्हणाला. "तू लय पुढं आलीस."

नोकरीत पुढे कितीतरी बेपत्ता बायकांचा तपास केला. प्रत्येक वेळी तो बांध आठवला. बाई दिसेनाशी झाली की आपण आधी विहिरीत बघतो, नदीत बघतो. ती सगळ्यांच्या पुढे निघून गेली असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही.