सुट्टीच्या दिवशी आलेला फोन

आम्हा एसटी ड्रायव्हर लोकांचा एक कायदा आहे: सुट्टीच्या दिवशी डेपोतल्या कंट्रोलरचा फोन उचलायचा नाही. उचललात की मेलात. कुणीतरी दांडी मारलेली असते आणि त्याची लांब पल्ल्याची गाडी तुमच्या गळ्यात पडते. एक ड्युटी संपवून, धड न झोपता लगेच दुसरी काढायची, याला आम्ही 'डबल' म्हणतो. त्या आठवड्यात माझ्या दोन डबल झाल्या होत्या.

सकाळी दहाला फोन वाजला. मी तो उशीखाली सारला. पुन्हा वाजला. लाज कशी वाटत नाही या माणसाला? चौथ्या वेळी एक शिवी हासडून मी फोन बायकोकडे दिला. "सांग, चांदीपला पाहुण्यांकडे गेलेत, फोन घरीच विसरलेत."

तिने तेवढं सांगितलं आणि पलीकडचं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "आई स्टँडवर चक्कर येऊन पडल्यात."

आई सकाळीच बाजाराला म्हणून वसईला गेली होती. मी बनियनवरच रिक्षा पकडली. कंट्रोलरच्या केबिनमध्ये ती बाकावर आडवी होती आणि कंट्रोलर ड्युटीच्या तक्त्याने तिला वारा घालत होता.

"किती वेळ झाला?" मी त्याला विचारलं.

आईच म्हणाली, "तास झाला. मी बोलले त्यांना, नका लावू फोन. आज त्याची सुट्टी हाय, तो उचलनार नाय."