गुडघे माझे, विचारणा सुनेकडे!

सुमनताई, पाठ कशी आहे? काका, खांदा हलतो का? शैला, साखर आटोक्यात ना?

माझ्या अंगाचा मात्र आज तिळपापड झालाय. गुडघे चढावर साथ देईनात, म्हणून डोंगरावर चालणारी इलेक्ट्रिक सायकल बघायला सुनेबरोबर गेले. दुकानदार तिलाच विचारतो, "आजींना झेपेल का?"

मीच म्हटलं, "अहो, आजी इथेच उभ्या आहेत. जरा बसून बघू द्या."

"घेणार असाल तरच. सीट खराब होते."

मधला दांडा एवढा उंच! पाय पलीकडे जातो का, हे बसल्याशिवाय कसं कळायचं? चप्पलसुद्धा आपण पायात घालून बघतो. तशीच परत आले.

रविवारी तुम्ही सगळे सायकलवरून खडकवासल्याला पुढे जाता आणि मी टपरीवर तुमच्या पिशव्या राखते, हे आता पुरे. दुखऱ्या गुडघ्यांनी कोण कुठली सायकल चालवतंय, आणि बसून बघू देणारं दुकान कुठे आहे, आपल्या ग्रुपवर लवकर लिहा.