चिंचेचा तांब्या आणि ओढ्याची हिरवी पट्टी

बाबांनी सलग तीन दिवस चहा गार करून टाकला, तेव्हाच ठरवलं, यांना गाडीत घालून गावी न्यायचं. कारण त्यांनी वाचलेला एक लेख. कारखान्यांचा गंधकाचा धूर वाऱ्याबरोबर लांब जातो, पावसातून उतरतो आणि ओढ्याचं पाणी आम्लधर्मी होतं. मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून माशांच्या कल्ल्यांवर बसतं. त्याआधीच दगडाखालच्या नाजूक अळ्या संपतात. बाबांची उभी हयात गंधकाम्लाच्या प्लांटवर गेली आणि बालपण पानशेतपुढच्या एका ओढ्यात, खेकडे धरण्यात. "आपलाच धूर तिथे पडला असेल तर?" ते म्हणाले.

कर्वेनगरहून सहाला निघा, सिंहगड रोड मोकळा मिळतो. आठला निघालात तर तुमचं तुम्ही बघा. खडकवासल्याला पोहे-चहा, दोघांचे शंभरच्या आसपास. पानशेतपर्यंत रस्ता बरा, पुढे मात्र कंबर सांभाळा. बाबांच्या मांडीवर पीएच पट्ट्यांची डबी होती; पट्टी पाण्यात बुडवली की रंगावरून आम्ल कळतं.

शांताकाकू, म्हणजे बाबांच्या चुलतभावाची बायको, वाटच बघत होती. आम्ही पाय धुतोय तोवर तिने ओढ्यावरून तांब्याभर पाणी आणलं. बाबांनी त्यातच पट्टी बुडवली. हिरवी यायला हवी होती, झाली चक्क केशरी, म्हणजे आम्ल! बाबा ओटीवर बसले ते उठेनात. मला रडूच यायला लागलं.

काकूने पट्टी पाहिली, मग तांब्या पाहिला.

"भावजी, तुमी येणार म्हून चिंच लावून घासलाय त्यो. घाईत नीट खंगाळला नसंल."

पाहुण्यांसमोर तांब्या लखलखीत हवा ना! चाळीस वर्षं ॲसिड हाताळलेल्या माणसाला भांडं तपासायचं सुचलं नाही, हे मी बाबांना अजून ऐकवते.

ओढ्यावर गेलो. वाहत्या पाण्यात पट्टी हिरवी. दुसरीही हिरवीच. बाबांनी पँट दुमडून दगड उलटला, तर खालून तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या सुळकन पळाल्या आणि एका खेकड्याने त्यांचं बोटच धरलं. बाबा हसत होते, डोळे मात्र भरलेले.

"कवच बघ किती टणक आहे, आम्लाच्या पाण्यात असं राहत नाही," ते म्हणाले.

दुपारी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. जेवण काकूच्या घरचं, तेव्हा पत्ता मागू नका. निघताना बाबा म्हणाले की एका दिवसाच्या पाण्यावर भरवसा नको, पावसाळ्यातही बघायला हवं. मग काकूला शिकवून डबी तिच्याकडेच ठेवली.

सोडलेला धूर काही परत येत नाही, हे बाबांनाही कळतं. पण तो ओढा अजून जिवंत आहे, याबद्दल कुणाचे आभार मानावेत ते मला समजत नाही. सध्या काकूचेच मानते. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो, "हिरवी हाय, भावजी." बाबा फोन ठेवतात, चहा मागतात आणि गरम असतानाच पितात.